कर्नलबाईंची भीती

कर्नलबाई कुणाच्याही घरी आल्या की आधी खिडकी उघडायच्या आणि मग नमस्कार करायच्या. जयपूरची जानेवारीतली थंडी ज्यानं सोसलीय त्यालाच माझं दुःख कळेल. आम्ही दाराच्या फटीत चिंध्या कोंबून, हीटर लावून, रजईत पाय खुपसून बसलेलो असायचो, आणि ह्या आल्या की खाडकन खिडकी! सासूबाई पुटपुटायच्या, "आली गं बाई वारा घेऊन." मीही मनातल्या मनात चार शिव्या हासडायची. पण तोंडावर बोलायची टाप नव्हती. लष्करात नर्सिंग ऑफिसर म्हणून राहून लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली बाई ती. आमचे हे त्याच लष्करातून सुभेदार होऊन बाहेर पडलेले. बाई दारात दिसल्या की हे अजूनही पायजम्यात ताठ उभे राहायचे, मग मी कोण बोलणारी?

नाव सुमती इनामदार. माहेर नाशिकचं. यजमान लष्करातच डॉक्टर होते, ते आजारपणात फार लवकर गेले. मूलबाळ नाही. शेवटची बदली जयपूरला झाली आणि इथंच, जगतपुऱ्याच्या बाजूला एक बैठं घर घेऊन राहिल्या. केस कानाच्या वर कापलेले, नेसायला सुती साडी, आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. लग्नाला जायचं असलं तरी तेच शूज. आवाज असा की भाजीवाला भैया दुसऱ्या गल्लीत असला तरी गाडी वळवून यायचा.

आणि ही बाई भित्री होती. खोटं नाही सांगत. साप निघाला तर केरसुणीनं हाकलून देईल, चोर आला तर त्याचीच उलटतपासणी घेईल. पण बंद खोली, आत ऊब आणि त्या खोलीत कुठंतरी आग, एवढं एकत्र आलं की त्यांचे हात थरथरायला लागायचे. कपाळावर घाम यायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. माणसं त्यांना हसायची, "करनल मैडम को गर्मी चढ़ गई" म्हणायची. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि खिडकीकडे जायच्या.

आमच्या न्हाणीघरात तेव्हा गॅसचा गिझर होता. बाईंनी पहिल्याच भेटीत चहा अर्धा टाकून तो बघितला. वर खिडकी होती, पण थंडी येते म्हणून ह्यांनी तिला पुठ्ठा मारलेला. बाईंनी तो पुठ्ठा स्वतः उपटला. मग म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, हा गिझर बाहेर काढेपर्यंत आंघोळ करताना गायचं. मोठ्यानं. गाणं थांबलं की उज्ज्वलानं दार फोडायचं." आमच्या ह्यांना गाणं म्हणजे काय हे ठाऊक नाही. पण कर्नलचा हुकूम! मग काय, रोज सकाळी न्हाणीघरातून परेडची मोजणी ऐकू यायची, "एक-दो-एक, एक-दो-एक." शेजारचे शेखावतजी विचारायला आले, भाभीजी, साहब ठीक तो हैं? गिझर बाहेरच्या भिंतीवर गेला त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास सोडला. बाईंनी लाडू खाल्ला आणि दुसऱ्या गिझरवाल्या घराचा पत्ता विचारला.

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. "एकाचं डोकं दुखलं तर गोळी द्या, दोघांचं दुखलं तर दार उघडा." हे तर त्या भाजीबाजारातसुद्धा म्हणायच्या. दुसरं म्हणजे, "वास मारणारा गॅस सज्जन गं, तो सांगून येतो. अर्धवट जळाल्यावर जो तयार होतो त्याला ना वास, ना रंग. तो येतो आणि झोप घेऊन येतो." मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, तुम्ही इतक्या शिकलेल्या, इतकी मढी बघितलीत, मग ह्या एकाच गोष्टीचा एवढा बाऊ का?"

दुपारची वेळ होती. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि त्या ओट्याजवळ स्टुलावर बसल्या होत्या. तिथंच त्यांनी सांगितलं. पुन्हा कधी त्यांनी ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

नोकरीला नुकत्या लागलेल्या होत्या, पोरसवदा लेफ्टनंट. उत्तरेकडे बर्फात कुठंतरी छोटं इस्पितळ होतं. सकाळी निरोप आला की वरच्या ठाण्यावरचे काही जवान उठत नाहीत. डॉक्टर दुसरीकडे गेलेले, म्हणून बाईच गाडीत बसून पुढे गेल्या. लाकडी खोपटं होतं, दार-खिडक्यांना ब्लँकेटं ठोकलेली, मध्ये बुखारी. बुखारी म्हणजे लोखंडी शेगडी, धूर जायला वर नळकांडं असतं. ते नळकांडं बर्फानं बुजलं होतं. "आत गेले तर पोरं ओळीनं झोपलेली," बाई म्हणाल्या. "गाल लाल. ओठ लाल. उज्ज्वला, मला वाटलं, किती छान दिसताहेत ही. इतक्या थंडीत चेहऱ्यावर असा रंग! एकाचं पांघरूण सरकलं होतं, ते मी नीट केलं. हाताला हात लागला तेव्हा कळलं."

माझी भाकरी तव्यावर करपली. बाईंनीच गॅस बंद केला.

"एक जण जिवंत होता अजून," त्या म्हणाल्या. "त्याला बाहेर ओढला. माझ्या मांडीवर गेला तो. तेव्हापासून मला एवढंच हवंय बघ. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा कुणी असं झोपेत जायला नको. बाकी मरण कसंही येऊ दे, मी बघीन." आणि उठून त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. त्या दिवशी मी मनातसुद्धा शिवी दिली नाही.

आता आमच्या मंडळाच्या हॉलचं सांगायला हवं, कारण बाईंची सगळी भीती शेवटी तिथं जाऊन बसली.

जयपुरात आम्ही मराठी माणसं विखुरलेली. कुणी फौजी, कुणी कॉलेजात शिकवणारे, कुणी इस्पितळातले डॉक्टर. गणपती, दिवाळी पहाट, संक्रांतीचं हळदीकुंकू ह्यासाठी एक हॉल बांधला. हॉल मोठा आणि उंच, हिवाळ्यात आत बसवत नसे. एका सभासदाचा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात मसाल्याचा कारखाना होता. मिरची-धणे वाळवायला त्यांच्याकडे गॅसवर चालणारं गरम हवेचं यंत्र होतं. त्यांनी नवीन घेतलं आणि जुनं मंडळाला दिलं. आम्ही त्याला भट्टी म्हणायचो. पहिल्या वर्षी हॉलमध्ये बसलं की मिरचीचा ठसका लागायचा, पण ऊब काय सांगू, अगदी माहेरची!

अध्यक्ष देवधर खूश होते. बँकेतून निवृत्त झालेला, मऊ बोलणारा माणूस. बाई मात्र भट्टी बघून पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "ठेवायची असेल तर ठेवा. पण तिची देखभाल माझ्याकडे द्या." देवधर हसले, "बाई, हे जयपूर आहे. इथं बर्फ कुठाय?" बाई म्हणाल्या, "बर्फ लागत नाही. माणसाचा मूर्खपणा पुरतो." देखभाल त्यांच्याकडे आली.

मग दरवर्षी दिवाळी झाली, की थंडी पडायच्या आत, कारखान्यातले रामावतारजी मिस्त्री यायचे आणि बाई भट्टीच्या खोलीत खुर्ची टाकून बसायच्या. मी डबा घेऊन जायची, म्हणून मला ते सगळं पाठ झालंय. भट्टीत एक लोखंडी पेटी, तिच्यात गॅस जळतो. त्याचा धूर चिमणीतून वर, आकाशात. हॉलची हवा पेटीच्या बाहेरून फिरते, तापते आणि पंख्यानं परत हॉलमध्ये जाते. धूर आणि ही हवा एकमेकांना कधी भेटता कामा नये, एवढीच सगळी मेख. म्हणून रामावतारजी पेटीत बॅटरीचा उजेड पाडून कुठं तडा गेलाय का बघायचे. चिमणीतून कबुतरांची घरटी काढायचे, आणि मागच्या संक्रांतीचे फाटके पतंगही. हवेची गाळणी धुवायचे. गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावायचे, बुडबुडा आला की सांधा गळतोय. ज्योत मुद्दाम विझवून गॅस आपोआप बंद होतो का तेही बघायचं. शेवटी भट्टी पेटवून बाई विचारायच्या, "कैसी है?"

"नीली है, मैडमजी. एकदम नीली."

"पीली नहीं?"

"पीली होती तो मैं खुद भाग जाता सा."

पिवळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. तरी बाई स्वतः वाकून बघायच्या. बघताना माझा हात धरायच्या, इतका घट्ट की बांगडी रुतायची. बाईंचा तळवा गार आणि ओला असायचा.

ज्योतीला जळायला हवा लागते. भट्टीच्या खोलीला बाहेरच्या बाजूनं खिडकी काढता येत नव्हती, शेजाऱ्यांची भिंत होती. म्हणून स्टेजच्या मागच्या भिंतीत, खाली, एक मोठी जाळी बसवलेली. हॉलमधली हवा तिच्यातून भट्टीला मिळायची, आणि हॉलचे वरचे झरोके कायम उघडे ठेवायचे हा बाईंचा नियम. "भट्टीलाही नाक असतं. ते दाबू नका," असं त्या प्रत्येक कार्यक्रमाआधी माइकवरून सांगायच्या. पोरं नाक दाबून हसायची. हॉलच्या भिंतीवर बाईंनी एक भोंगाही बसवून घेतला होता, तो विषारी हवा ओळखून ओरडायचा.

मागच्या संक्रांतीची गोष्ट. माझ्या सुनेचा, ऋचाचा, पहिला सण. ऋचा मराठीच, पण वाढली कोट्याला. मराठी बोलते ती अडखळत, मध्येमध्ये "मतलब" घालून. पण गुणाची पोर. तिला काळी चंद्रकळा नेसवली, हलव्याचे दागिने घातले. मी सारखी दृष्ट काढत होते.

हळदीकुंकवाला बाई यायच्या नाहीत. यायच्या नाहीत म्हणजे बोलावलं जायचं नाही. देवधरवहिनी म्हणायच्या, "मला काही नाही हो, पण आपल्याकडे जुन्या बायका आहेत, त्यांना चालत नाही." जुन्या बायका कोण, तर ह्याच! माझी दर वर्षी वहिनींशी वादावादी व्हायची. बाईच मला गप्प करायच्या. "मला कुंकवाचं काही नाही गं. मला फक्त सकाळी भट्टी बघू दे." तशा त्या त्याही दिवशी सकाळी आल्या, ज्योत निळी बघितली, भोंग्याचं बटण दाबून तो ओरडतो का बघितलं, झरोके बघितले आणि बाहेर गेल्या. पुरुषमंडळी पतंग उडवायला एका सभासदाच्या गच्चीवर गेली होती, पलीकडच्या मैदानात ड्रायव्हर लोक उन्हात बसले होते. त्यांच्यात बाई खुर्ची टाकून पेपर वाचत बसल्या.

त्यांची पाठ वळल्यावर आमची सजावट आली. बोरन्हाणासाठी देवधरवहिनींनी घरी थर्माकोलचं मोठं मखर केलं होतं. त्याच्यावर काळी साडी ताणलेली, तिच्यावर हलव्याच्या माळा आणि चमकीचे पतंग. दिसत होतं सुंदर, नावं ठेवायला जागा नाही. ते आम्ही सगळ्यांनी मिळून स्टेजच्या मागच्या भिंतीला लावलं, खालपासून वरपर्यंत, अगदी चिकटपट्टीनं. ती जाळी त्याच्यामागं गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही, एक जण म्हणालीसुद्धा, "बरं झालं, ती घाणेरडी जाळी झाकली." आणि तान्ही पोरं येणार म्हणून वरचे झरोकेही ओढून घेतले.

बोरन्हाण झालं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, पोरांचा दंगा. मग उखाणे. हॉल छान तापला होता. माझं डोकं जड झालं होतं, पण सकाळपासून धावपळ, म्हटलं त्यानंच असेल. शेजारची म्हणाली, "माझंही ठणकतंय हो." तिसरी म्हणाली, "तिळाचं पित्त." आम्ही हसलो. तेवढ्यात भिंतीवरचा तो भोंगा किंचाळायला लागला. अगं बाई, काय आवाज! वहिनी म्हणाल्या, "निरांजनाचा धूर लागला असेल. बंद करा मेल्याला." कुणीतरी खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढली. त्याच वेळी ऋचा माइक घेऊन उभी होती. "आकाशात उडाले पतंग, त्याला लांबच लांब दोर..." आणि माइक बंद पडला. मग ती भोंग्याची बॅटरी माइकला बसवली. नेमकी बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ऋचानं उखाणा पुरा केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मला कसंतरी होतंय. मतलब, उलटी जैसा. चक्कर पण." मी काही बोलायच्या आत वहिनींनी ऐकलं. झालं! "अगं बाई! गोड बातमी!" सगळ्या बायका तिच्याभोवती. कुणी गाल ओढतंय, कुणी विचारतंय डोहाळे कसले लागलेत, ती बिचारी लाजतेय आणि भिंतीला धरतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. वहिनी म्हणाल्या, "आडवी करा तिला. मागच्या खोलीत, तिथं मस्त ऊब आहे." मागची खोली म्हणजे कपडे बदलायची, भट्टीच्या खोलीला लागूनच. तिथं सतरंजीवर तिला निजवलं, वर शाल घातली आणि दार लोटून घेतलं. मी आजी होणार म्हणून तिळगूळ वाटत फिरत होते.

बाईंना कसं कळलं, ते नंतर ड्रायव्हरांनी सांगितलं. पेपर वाचतावाचता त्यांनी हॉलकडे बघितलं, तर खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटलेलं, ओघळ वाहत होते. जयपूरची कोरडी थंडी. इथं काचेला असं पाणी येत नाही. गॅस जळला की वाफ होते, ती चिमणीतून वर जायला हवी. ती हॉलमध्ये आहे, म्हणजे तिच्या सोबतीचं बाकीचंही हॉलमध्ये आहे. बाईंचा पेपर खाली पडला. "करनल मैडम ऐसे दौड़ीं," ड्रायव्हर म्हणाला, "हमने सोचा किसी ने गोली चला दी."

दार धाडकन उघडलं. हळदीकुंकवाच्या गालिच्यावर बाई, शूज घातलेल्या, केस विस्कटलेले. वहिनी करंडा हातात घेऊन पुढं झाल्या. "अहो बाई, आत कशाला..."

"बाहेर!" बाई ओरडल्या. "सगळ्या बाहेर! पोरं उचला!"

कुणी हललं नाही. खरंच सांगते, कुणाला हलावंसंच वाटत नव्हतं. दोघी-तिघी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. बाईंनी लोखंडी खुर्ची उचलली आणि खिडकीवर घातली. काच फुटली, मग दुसरी. त्या आवाजानं आम्ही भानावर आलो. पण दारात गर्दी झाली, कारण बायका चपला शोधत होत्या! एकीचं वाण आत राहिलं म्हणून ती परत फिरली. "चपला राहू देत गं, तुमच्या पाया पडते!" बाई रडवेल्या आवाजात ओरडत होत्या आणि एकेकीला ढकलून बाहेर काढत होत्या.

मैदानात आल्यावर गार वारा लागला तसं माझं डोकं जरा उघडलं. बाईंनी माझा दंड धरला. "सगळ्या आल्या? उज्ज्वला, नीट बघ. सगळ्या?"

मी एकेकीचा चेहरा बघत गेले. "ऋचा," मी म्हटलं.

"कुठाय?"

"मागच्या खोलीत. निजवलंय तिला. तिला मळमळत होतं, आम्हाला वाटलं..."

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हात असे थरथरत होते की माझा दंडही हलत होता. ती बाई त्या क्षणी पळून गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. त्यांनी पदर कमरेला खोचला, मोठा श्वास घेतला आणि आत गेल्या.

मीही धावले, तर ड्रायव्हरांनी मला धरलं. बाईंनी जाताना त्यांना बजावलं होतं की दुसरं कुणीही आत यायचं नाही. मी ओरबाडलं त्यांना. शिव्या दिल्या. माझ्या पोराला मी काय तोंड दाखवू, माझ्या लेकराला काय सांगू, असं काहीबाही ओरडत होते. आजूबाजूच्या गच्च्यांवर "वो काटा!" चाललं होतं, गाणी वाजत होती. दारातून कुणी येत नव्हतं. मी देवाला म्हटलं, मला ने, तिला सोड. असं म्हणतात ते खोटं असतं असं मला वाटायचं. तेव्हा मी ते अगदी मनापासून म्हटलं.

आधी भट्टीचा आवाज बंद झाला. बाईंनी पहिल्यांदा तिकडं जाऊन गॅस तोडला होता. मग पुन्हा काहीच नाही. मग बाई दिसल्या, पाठमोऱ्या, सतरंजीची दोन टोकं धरून ओढत. वाकलेल्या. दोन पावलं ओढायच्या आणि थांबायच्या. दारापर्यंत आल्या तेव्हा ड्रायव्हर धावले. हलव्याचे दागिने तुटून साखरेचे दाणे वाटभर सांडले होते. ऋचाची मान एका बाजूला पडलेली. बाई गुडघ्यावर बसल्या आणि तिच्या गालावर फाडफाड मारत सुटल्या. "झोपायचं नाही! ए पोरी! झोपायचं नाही म्हणते ना!" ऋचाच्या घशातून एक घरघर आली. मग ती ओकली. बाई मोठमोठ्यानं रडायला लागल्या.

दोघींना इस्पितळात नेलं, ऑक्सिजन लावला. ऋचा दुसऱ्या दिवशी उठून बसली. म्हणाली, "आई, उखाणा बरोबर होता ना?" दिवस वगैरे काही नव्हते. मी तिला पोटाशी धरून एवढी रडले की नर्सनं मला बाहेर काढलं. बाकीच्या बायकांची डोकेदुखी उतरली. रामावतारजींनी मखर काढून बघितलं तर भट्टीच्या तोंडाशी काजळी धरलेली. हवा न मिळाल्यानं चिमणीतला धूर उलटा खाली आला होता आणि पंख्यानं तोच हॉलभर फिरवला होता. देवधरवहिनी बाईंच्या खाटेजवळ येऊन पाय धरायला लागल्या, तर बाई म्हणाल्या, "आधी ते झरोके उघडले का ते सांगा." आम्हाला वाटलं, सगळं निभावलं.

काही आठवडे बाई ठणठणीत होत्या. मग हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. बाजारात गेल्या की घर विसरायच्या. हाक मारली की उशिरा बघायच्या. डॉक्टर म्हणाले, ह्या विषाचं असं असतं कधीकधी, माणूस बरं होतं आणि मागाहून मेंदूला धरतं. त्या आतमध्ये फार वेळ राहिल्या होत्या. शिवाय वय.

नाशिकचा भाचा त्यांना न्यायला आला, तेव्हा मी आणि ऋचा भेटायला गेलो. सामान बांधून झालं होतं. बाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. मला ओळखलं, ऋचाला नाही. "गोड आहे गं पोरगी. कुणाची?" म्हणाल्या. ऋचा त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन राहिली. बाईंचा हात कोरडा होता, स्थिर. चेहरा शांत. इतकी वर्षं मी बघितलेल्या बाईंचा तो चेहराच नव्हता. भाचा समाधानानं सांगत होता, "आत्या पूर्वी किती घाबरायची, रात्र रात्र जागी असायची. आता तसं काही नाही बघा. कुठंही बसवा, लगेच गाढ झोपते."

आणि बोलता बोलता बाईंचे डोळे मिटले. मान छातीवर आली. ऋचा हळूच म्हणाली, "आई, झोपू द्या त्यांना. थकल्यात."

मला ते कळत होतं हो. दुपार होती, थकलेलं म्हातारं माणूस झोपलं होतं, एवढंच. पण मी उठले, बाईंचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना गदागदा हलवलं. भाचा "अहो, अहो" करत धावत आला. मी थांबले नाही, त्या डोळे उघडेपर्यंत हलवत राहिले.